न निवडलेली माणसं

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या सभेत एकाच संध्याकाळी दोन ठराव मंजूर झाले. पहिला: पार्किंगमध्ये आणि इमारतींमधल्या मोकळ्या जागेत मुलांनी क्रिकेट खेळू नये. कारण रास्त होतं. एका गाडीची मागची काच फुटली होती, आणि ती कोणाच्या हातून फुटली हे बारा पोट्ट्यांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. दुसरा: उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लबहाउसमध्ये मुलांसाठी दहा दिवसांचं ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ घ्यावं, बाहेरून प्रशिक्षक बोलवावा, आणि संवादकौशल्य, नेतृत्व, संघभावना वगैरे शिकवावं. दोन ठरावांच्या मध्ये चहा झाला. यात काही गंमत आहे असं सभेत कोणाला वाटलेलं दिसलं नाही.

सभेनंतर गेटपाशी जो वाद पेटला तो पुढे दोन महिने धुमसत होता, आणि मला तो ठरावांपेक्षा जास्त खुपला. एका बाजूला कुंभार होते. मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा, आत्ता आकार दिला नाही तर पुढे काही होणार नाही, तेव्हा शिबिर हवंच, दहाच दिवसांचं कशाला, वर्षभराचं हवं. दुसऱ्या बाजूला माळी. बी असते तसं झाड येतं, आंब्याला काही लिंबं लागत नाहीत; मुलांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्या, ‘लोक काय म्हणतील’ हे त्यांच्या डोक्यात भरू नका, त्यांना स्वतःला शोधू द्या. कुंभारांत निवृत्त मंडळी जास्त, माळ्यांत तरुण आईबाप. दोघेही तावातावानं बोलत, दोघांकडेही उदाहरणांचा तुटवडा नव्हता. पण नीट कान दिला तर एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत होतं: व्यक्तिमत्त्व नावाची काहीतरी वस्तू मुलाच्या आत असते. भांडण एवढंच, की तिला हात लावायचा की नाही. या सगळ्यात इतर मुलं कुठंच नव्हती. खाली पार्किंगमध्ये जे बारा जण रोज दोन-तीन तास एकमेकांशी कचाकचा भांडत होते, ते दोन्ही पक्षांच्या लेखी एक तर उपद्रव होते, नाही तर करमणूक.

माझं म्हणणं असं, की माणूस ‘मी’ म्हणून जे काही होतो ते आधी माणसामाणसांच्या मधे घडतं आणि मग आत जाऊन बसतं. हे ‘मधे’ कोणत्याही दोन माणसांमधलं असून भागत नाही. ज्यांना आपण निवडलेलं नाही, जे आपल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणू शकतात आणि ज्यांचं तोंड उद्या पुन्हा बघावंच लागणार आहे, अशी माणसं त्यासाठी लागतात. आई ती पूर्णपणे होऊ शकत नाही, कारण तिचं ‘नाही’ शेवटी पाघळतं. पैसे घेणारा प्रशिक्षक तर नाहीच होऊ शकत. आमच्या सोसायटीनं त्या संध्याकाळी ही माणसं काढून टाकली आणि त्यांच्या जागी त्यांच्यावरचं व्याख्यान आणलं.

शिबिर झालं. मी विरोधात होतो, तरी नात गेली. घरच्या बहुमतापुढे माझं चालत नाही. तिसऱ्या दिवशी ती एक कागद घेऊन आली. वर छापलेलं होतं, ‘मी कोण आहे? पाच वाक्यांत लिहा. इतरांच्या मताचा विचार करू नका.’ नऊ वर्षांची पोट्टी पेन्सिल चावत बसली. मग लिहिलं: मी सगळ्यांत उंच आहे. मला गुपित सांगितलं तर मी कोणाला सांगत नाही. मी लवकर चिडते असं आई म्हणते पण मी नाही चिडत. मी चांगली विकेटकीपर आहे. पाचव्या वाक्याला गाडी अडली आणि तिनं मला विचारलं, ‘आजोबा, मी अजून काय आहे?’

सूचना पाळून इतरांना वगळलं असतं, तर त्या कागदावर काय उरलं असतं? नाव? तेही आम्हीच ठेवलं. उंच म्हणजे वर्गातल्यांपेक्षा उंच. गुपित राखायला आधी कोणीतरी ते विश्वासानं सांगावं लागतं. चिडकेपणाचा तर सरळ खटलाच चालू आहे आईशी. मराठीतली स्वभावाची विशेषणं एकेक करून तपासा: दिलदार, चेंगट, लाजरा, आगाऊ, भांडखोर, शब्दाला जागणारा. मेळघाटच्या जंगलात जन्मभर एकट्यानं राहिलेला माणूस चेंगट असू शकतो का? कोणाला द्यायचं नाही म्हणून चेंगट? ही विशेषणं एकट्या माणसाला चिकटतच नाहीत. आणि तरी आपण मुलाला सांगतो, सगळ्यांकडे पाठ फिरव आणि तू कोण ते सांग.

यात माझं नवं काही नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या चार्ल्स कूलीनं १९०२ सालीच आरशाची उपमा वापरली होती: दुसऱ्याला आपण कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो, त्यावर तो काय मत बनवत असेल याची कल्पना करतो, आणि त्यातून आपल्याला अभिमान वाटतो किंवा लाज. यातला बारकावा बहुतेक जण सोडून देतात. आरशात दिसतं ते दुसऱ्याचं खरं मत नसतं, त्या मताविषयीची आपली कल्पना असते. म्हणून तर ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य इतकं जाचतं. लोक बहुतेक वेळा काहीच म्हणत नसतात, ते आपापल्या आरशात गुंतलेले असतात. माळी पक्षाला मी इथवर मान्य करतो. पण कल्पनेतले लोक छळत असतील तर त्यावर उतारा खरे लोक हाच आहे. ज्याला पाच-पन्नास खऱ्या माणसांच्या खऱ्या मतांचा अनुभव आहे, त्याला कळतं की एक म्हणतो आगाऊ, दुसरा म्हणतो हुशार, आणि संध्याकाळपर्यंत दोघंही विसरतात.

कूलीचा समकालीन जॉर्ज हर्बर्ट मीड शिकागोत शिकवायचा. त्यानं मुलांच्या खेळाकडे ज्या गांभीर्यानं पाहिलं, तितक्या गांभीर्यानं आमच्या सभेत फक्त गाडीच्या काचेकडे पाहिलं गेलं. मीड म्हणतो, लहान मूल आधी कोणीतरी ‘होऊन’ खेळतं; आत्ता डॉक्टर, थोड्या वेळानं पोलीस, एका वेळी एक. नियमांचा खेळ आला की ते पुरत नाही. तिथं आपल्या जागेवर उभं राहून बाकी सगळ्यांच्या जागांवरून एकदम पाहता यावं लागतं: बॉल इकडे आला तर तो काय करेल, हा कुठं पळेल, आणि ते दोघं माझ्याकडून काय अपेक्षा धरून आहेत. त्याचं उदाहरण बेसबॉलचं होतं. या सरावातून मुलाच्या मनात सगळ्यांचा मिळून एक ‘दुसरा’ तयार होतो, आणि त्या दुसऱ्याच्या नजरेनं स्वतःकडे पाहता आलं की मूल खऱ्या अर्थानं ‘मी’ म्हणू लागतं. जाता जाता: मीडचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक त्यानं लिहिलेलंच नाही. तो १९३१ मध्ये गेला आणि १९३४ मध्ये त्याच्या वर्गातल्या टिपणांवरून ते जुळवलं गेलं. आपल्या विदर्भाला हे नवल वाटू नये. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसा-माणसाला विचारत गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. स्वामींनी स्वतःविषयी काही लिहून ठेवलं नव्हतं. जे होतं ते त्यांना भेटलेल्या माणसांपाशी होतं.

बेसबॉल मला कळत नाही. मी नागपूरच्या महाल भागात वाढलो, तेव्हा माझं उदाहरण बोळातल्या क्रिकेटचं. त्या बोळाला स्वतःची राज्यघटना होती. एक टप्पा आऊट. भिंतीला लागला तर दोन, भिंतीपलीकडे गेला तर आऊट, आणि ज्यानं मारला त्यानंच जाऊन आणायचा. पलीकडच्या आजी फार तोंडाळ होत्या. लहान भावाला घ्यावंच लागलं तर तो कच्चा लिंबू: बॅटिंग मिळेल, पण आऊट झाला तरी आऊट नाही. कच्चा लिंबू असणं हा सुरुवातीला मान वाटतो आणि एके दिवशी अपमान वाटू लागतो. ‘मलाबी आऊट धरा’ असं म्हणून माझा धाकटा भाऊ ज्या दिवशी रडला, त्या दिवशी तो एका जगातून दुसऱ्या जगात आला. कोणत्या शिबिरात हे शिकवतात?

आणि बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग, हे तर कलम एक. आमच्यातला एक जण पहिल्याच बॉलला आऊट झाला आणि बॅट बगलेत मारून घरी निघून गेला. रडीचा डाव! आम्ही त्याला ठेवणीतल्या शिव्या घातल्या आणि दोन दिवस फळीनं खेळलो. तिसऱ्या दिवशी तो बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. कोणी काही बोललं नाही. आम्हाला बॅट हवी होती, आणि नऊ जणांवाचून त्याच्या बॅटचं नुसतं लाकूड झालं होतं, हे त्याला दोन दिवसांत कळलं होतं. शेवटी ठरलं, पहिली बॅटिंग त्याची, पण पहिल्या बॉलला आऊट झाला तर झाला. या तहात मोठ्या माणसाचा हात नव्हता. असता तर त्यानं बॅटवाल्याला दोन शब्द सुनावले असते, आम्हाला दोन, आणि ‘चला, आता दोस्ती करा’ म्हणून हात मिळवायला लावला असता. तह झाला असता, पण तो आमचा नसता.

आता फुटलेल्या काचेकडे येऊ. बारा मुलांनी नाव सांगितलं नाही याचा अर्थ सभेनं ‘मुलं बिघडली’ असा काढला. मला उलट विचारावंसं वाटतं: दहा दिवस पैसे मोजून जी संघभावना शिकवायची होती, ती आणखी वेगळी काय असते? लपवणं चांगलं असं मी म्हणत नाही, गाडीवाल्याचं नुकसान खरंच होतं. पण मित्राला वाचवायचं की खरं बोलायचं, हा पेच त्या बारा जणांनी रात्रभर आपापल्या अंथरुणात सोसला असणार, आणि स्वभाव घडण्याची जागा हीच असते. आमच्या बोळात काच फुटली की वर्गणी निघे. ज्यानं फोडली त्यानं थोडे जास्त द्यायचे, हे न बोलता ठरलेलं. आपण मुलांना ती वाट दाखवली असती, तर गुन्हेगाराचं नाव विचारण्याची वेळच आली नसती.

‘मधे’ घडलेलं ‘आत’ कसं जातं? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की सदतीस वर्षांचा असताना, १९३४ साली क्षयानं गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलाची प्रत्येक वरची मानसिक क्षमता दोनदा प्रकट होते. आधी माणसांमध्ये, मग मनामध्ये. खेळताना स्वतःशी मोठ्यानं बडबडणारं मूल काही वर्षांनी गप्प होतं ते बडबड थांबली म्हणून नव्हे. ती आत गेली. मनात आपण जो वाद घालतो त्यातला दुसरा आवाज कधीतरी बाहेरच्या कोणाचा तरी होता. नागपूरकरांना हे भाषेतही दिसावं. घरात ‘मी नाही येत’ म्हणणारा मुलगा खाली उतरला, सिंधी, छत्तीसगढी, मुसलमान, तेली, कोष्टी सगळ्या घरांतल्या मुलांत मिसळला, की त्याच तोंडानं म्हणतो, ‘अपन नहीं आते.’ अर्थ तोच, एकट्याचाच नकार. पण त्या हिंदीतला ‘मी’ अनेकवचनी आहे. त्याचे ‘मी’ दोन आहेत, आणि यातला खरा कोणता हे विचारणं म्हणजे गोकुळपेठेतला मी खरा की इतवारीतला, असं विचारण्यासारखं आहे.

आता विरुद्ध बाजूचं जे सगळ्यांत वजनदार आहे ते घेतो. माळी म्हणतील, हे सगळं ठीक, पण स्वभाव जन्मतःच येतो, आणि त्यावर संशोधन आहे. आहेच. १९७९ पासून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला, आणि एकमेकांना न पाहता वाढलेली एकबीज जुळी स्वभावानं कितीतरी सारखी निघाली. माणसामाणसांच्या स्वभावांत जे फरक दिसतात त्यांतला साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेकडे जातो, असं अशा अभ्यासांचं सार आहे. तान्हेपणीच एक मूल दचकरं असतं, दुसरं बिनधास्त; दोन मुलांच्या कोणत्याही आईला हे संशोधनावाचून ठाऊक असतं. मी हे सगळं मान्य करतो. पण याच अभ्यासांचा दुसरा निष्कर्ष कुंभारांना आणि माळ्यांना दोघांनाही अडचणीचा आहे: उरलेल्या फरकांत एकाच घरात, एकाच आईबापांच्या हाताखाली वाढण्याचा वाटा आश्चर्य वाटावं इतका थोडा निघतो. मग उरलेलं येतं कुठून? अमेरिकन लेखिका ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये उत्तर दिलं, सवंगड्यांकडून. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, आणि त्या उरलेल्यात निव्वळ योगायोगाचाही मोठा भाग असावा. पण निदान एवढं तरी खरं, की घराच्या दारातून बाहेर पडल्यावर जे होतं ते हिशेबाबाहेर ठेवून चालत नाही.

शिवाय ‘आंब्याला लिंबं लागत नाहीत’ ही म्हण नागपुरात वापरताना जरा जपून. आपलं संत्रं उभं असतं कशावर? जंबेरीच्या खुंटावर. डोळा संत्र्याचा, मूळ लिंबाच्या जातीचं. फळ संत्र्याचंच येतं, हे माळ्यांचं खरं. पण झाड किती जोमदार होईल, किती वर्षं जगेल, फळाचा दर्जा कसा असेल, यात त्या परक्या मुळाचा हात असतो. आणि काटोल-नरखेडकडचा कोणताही बागायतदार सांगेल, की झाडाला पाण्याचा ताण दिल्याशिवाय बहार धरत नाही. आमच्या पोरांना बारमाही पाणी चालू आहे.

माणसं मुळीच मिळाली नाहीत तर काय होतं, हे आपण दुर्दैवानं पाहिलेलं आहे. १९८९ मध्ये रोमानियातली चाउशेस्कूची राजवट पडली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुलं सापडली. खायला होतं, छप्पर होतं, पण पाळण्यांच्या रांगेत त्यांच्याकडे बघून हसणारं, त्यांच्या रडण्याला उत्तर देणारं कोणी नव्हतं. पुढे बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. कळी आपोआप उमलते असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि मोठ्या माणसानं शिकवलं की झालं, असं मानणाऱ्यांनी निकाराग्वाचा. तिथं १९७०च्या दशकाच्या शेवटी मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं एका शाळेत आणलं गेलं. शिक्षक वर्गात त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, आणि त्यात फारसं यश येत नव्हतं. मुलांनी मात्र मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये, आपापल्या घरच्या तुटपुंज्या खुणा एकत्र करून, एक नवी खुणांची भाषा उभी केली. धाकटी मुलं आली तशी ती आणखी बांधीव होत गेली. वर्गातला अभ्यासक्रम एकीकडे राहिला आणि शाळेच्या आवारात एक भाषा जन्माला आली. आमच्या सभेत ती मुलं असती तर आवार बंद झालं असतं आणि वर्ग वाढवले असते.

पण खरा कठीण आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो सोसायटीच्या गेटपाशी कोणी घेतला नाही, कारण गेटपाशी उभ्या असलेल्यांना तो सोसावा लागलेला नाही. समाज घडवतो म्हणता, पण समाज मोडतोही. आरसाच वाकडा असेल तर? साताऱ्याच्या शाळेत एका मुलाला वर्गात वेगळं गोणपाटावर बसावं लागे. तहान लागली तर शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. भीमराव आंबेडकर या मुलाला रोज जो आरसा दाखवला जात होता त्यात काय दिसत असेल? ‘सवंगड्यांत सोडा, आपोआप घडेल’ हा माझा सल्ला त्याला कोणत्या तोंडानं द्यायचा? न निवडलेली माणसं हा ज्याच्यासाठी खेळ नव्हता, शिक्षा होती, त्याच्यापुढे माझा महालातला बोळ लहान होतो. आणि खरं सांगायचं तर त्या बोळातही कोणाला कच्चा लिंबू करायचं आणि कोणाला बोलवायचंच नाही, हे नेहमी वयावर ठरत नव्हतं. हे मला फार उशिरा दिसलं.

म्हणून मग माणसांपासून दूर जावं का? बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, आणि तिथं त्यांचे एक गुरू तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते. तेच ड्यूई, ज्यांनी वर सांगितलेल्या मीडला शिकागोत नेलं होतं. हा धागा मला नेहमी विलक्षण वाटतो. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आदर्श समाजाची खूण सांगितली ती अशी, की तिथं माणसांना एकमेकांशी संपर्काच्या अनेक आणि मोकळ्या जागा असतात, एका गटातून दुसऱ्या गटात सगळं झिरपत राहतं. याच भाषणात त्यांनी ड्यूईंचं ऋण मान्य केलं आहे. जातीवरचा त्यांचा एक मुख्य आरोपच हा, की ती हे झिरपणं बंद करते. वाकडा आरसा दाखवणाऱ्या समाजावर त्यांचा उपाय एकांत हा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथं, आपल्या नागपुरात, लाखो माणसं एका मैदानावर जमली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग त्यांनी बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं उच्चारल्या. धर्म ही मनातली गोष्ट असेल, तर मनातल्या मनात बदलता आला असता. ‘मी बौद्ध आहे’ हे प्रत्येकाला आपापल्या घरी आरशापुढे म्हणता आलं असतं. पण नवा ‘मी’ नुसता ठरवून भागत नाही. तो तसा ओळखणारा कोणी तरी शेजारी उभा लागतो, आणि उद्या गावात परतल्यावर पुन्हा भेटणारा लागतो. दीक्षाभूमीवर त्या दिवशी माणसांनी एकमेकांसाठी नवा आरसा धरला.

आणि ती सुरुवातही नव्हती. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीकत्व बंद व्हावं, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना सवलती मिळाव्यात, असे ठराव झाले. ज्या बाईनं जन्मात नवऱ्यापुढे मान वर केली नव्हती, तिनं हजारो बायकांत बसून घटस्फोटाच्या ठरावाला हात वर केला असेल, तेव्हा तो हात खाली घेताना ती तीच राहिली असेल का? तिच्या आत दडलेलं व्यक्तिमत्त्व त्या दिवशी ‘सापडलं’ असं म्हणणं मला तिच्या शेजारी बसलेल्या बायकांवर अन्याय वाटतो. लोकांविरुद्ध उभं राहायलाही लोक लागतात.

एकांताची बाजू मात्र मला पटते. काही मुलं गर्दीत कोमेजतात, त्यांना ओढून मैदानात ढकलणं हा दुष्टपणा आहे. दोन जणांचा बुद्धिबळही पुरतो, गच्चीवर एका मित्राशी तासभर बोलणंही. एकटं असणं आणि एकटं पाडणं यात फरक आहे, आणि सध्या आपण दुसरं करतोय. शहरात जागोजागी अभ्यासिका झाल्यात, रात्रभर उघड्या. आत तीन बाजूंनी प्लायवूड लावलेले कप्पे, कप्प्यात एकेक डोकं, कोणी नीटवालं, कोणी एमपीएससीवालं. शंभर जण एका खोलीत आणि कोणी कोणाला ओळखत नाही. तिथली खरी शाळा मला बाहेर, तर्री पोह्याच्या ठेल्यावर दिसते, जिथं अकोल्याचा आणि गडचिरोलीचा मुलगा एकाच बाकावर बसून परीक्षेच्या तारखेला शिव्या देतात. ठेल्यावरचा तो अर्धा तासही वाया जातो म्हणून आता डबा आत पोचवायची सोय झाली आहे म्हणे.

फोनवर मुलं शेकडो जणांशी बोलतात, हेही ऐकवलं जातं. बोलतात. पण तिथं कंटाळा आला की निघता येतं, आवडलं नाही की अडवून टाकता येतं. बॅटवाल्याला परत बोळाच्या तोंडाशी येऊन उभं राहावं लागलं, कारण दुसरा बोळ नव्हता. शिवाय आज आमच्या मुलांना प्रत्यक्ष भेटणारी माणसंही गाळून आलेली असतात: शाळेत सारख्या फीची, क्लासला सारख्या टक्क्यांची, सोसायटीत सारख्या मेंटेनन्सची. सगळे आरसे एकाच दुकानातले.

ऊन, रहदारी, सुरक्षितता, हे आक्षेप खोटे नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सहाच्या आधी पोराला कूलरसमोरून उठवणं हाच गुन्हा ठरावा. वर्धा रोडवर मी स्वतः जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो. पण हे आक्षेप आवाराबाहेरच्या जागेला लागू होतात, आणि आम्ही बंदी घातली ती नेमकी गेटच्या आतल्या, पहारेकरी असलेल्या, सावलीच्या जागेवर.

जूनच्या सभेत मी ठराव मांडला: संध्याकाळी सहा ते आठ पार्किंगची मागची बाजू मुलांना द्यावी, गाड्या तेवढ्यापुरत्या पुढे लावाव्यात, प्रशिक्षक नेमू नये, आणि काच फुटली तर मुलांनी वर्गणी काढून भरावी. नऊ मतं पडली. विरोधात किती, ते मोजायची गरज पडली नाही. एका माळ्यानं मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, ‘काका, मुद्दा पटला, पण गाडी नवीन आहे हो.’ या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

मुलं आता कंपाउंडच्या मागच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर खेळतात. शेजारच्या नव्या टॉवरवर काम करणाऱ्या मजुरांची चार-पाच पोरं तिथं आधीपासून होती, छत्तीसगढकडची. पहिल्या संध्याकाळी मी फिरायला गेलो तेव्हा दोन्ही टोळ्या समोरासमोर उभ्या होत्या. बॅट आमच्यांकडे, जागा त्यांच्याकडे. नात विटांच्या स्टंपमागे आधीच जाऊन बसली होती.

‘एक टप्पा आउट है,’ आमच्यातला मोठा म्हणाला.

‘हमारे में नहीं चलता,’ त्यांच्यातला एक म्हणाला. दोघंही बराच वेळ बॉलकडे बघत राहिले.

‘तो इधर क्या चलेगा, बोल.’